राजद्रोह: एका शब्दाची झडती

शेजारचे काका रोज सकाळी दोन पेपर वाचतात आणि उरलेला दिवस त्या दोघांतली तफावत शोधण्यात घालवतात. परवा जिन्यात गाठून म्हणाले, "काय रे, १ जुलै २०२४ पासून राजद्रोहाचं कलम गेलं ना? मग या बातमीत पुन्हा राजद्रोह कुठून आला? गेलं की नाही गेलं?" मी म्हणालो, "काका, शब्द गेला." "आणि गुन्हा?" हातात दुधाची पिशवी धरून देण्याजोगं याचं उत्तर नव्हतं. म्हणून हा लेख.

खरं तर घोळ कलमाचा कमी आणि शब्दाचा जास्त आहे. सत्तेला धक्का देणाऱ्या माणसाला काय म्हणायचं, यावर गेली दीडशे वर्षं आपल्या कोर्टांत वाद चालू आहे. त्यातला सगळ्यात गाजलेला भाग मुंबई हायकोर्टात, मराठी मजकुरावर आणि एका मराठी संपादकावर घडलेला आहे.

सुरुंग, फितूर, बंड आणि उलथणं

कायद्याकडे जाण्याआधी आपल्या घरातले शब्द बघू. ते जास्त स्पष्ट आहेत.

१६६० साली शाइस्तेखानाने चाकणच्या संग्रामदुर्गाला वेढा घातला. किल्ला भुईकोट, आत मोजकी शिबंदी, तरी फिरंगोजी नरसाळ्याने तो दोन महिन्यांच्या आसपास झुंजवला. शेवटी मोगलांनी बुरुजाखालपर्यंत भुयार खणलं, त्यात दारू ठासली आणि बुरूज उडवला. हा सुरुंग. आज 'अमक्याच्या बालेकिल्ल्याला सुरुंग' असं शीर्षक छापणाऱ्या उपसंपादकाच्या डोळ्यांपुढे चाकणचा बुरूज असतो की नाही, कोण जाणे. शब्द मात्र फार लांबून आलाय. कौटिल्याच्या 'अर्थशास्त्र' या ग्रंथात तो 'सुरुङ्गा' म्हणून भेटतो आणि ग्रीक 'सिरिंक्स' म्हणजे पोकळ नळी, या शब्दाशी अभ्यासक त्याचं नातं जोडतात. डॉक्टरची सिरिंज ही त्याच ग्रीक शब्दाची नात.

दुसरा शब्द फितूर. भुयार खणायची गरजच नाही, आतल्याच कुणी रात्री दिंडी दरवाजा उघडला. अरबीतून फारसीमार्गे आलेला हा शब्द मुळात ढिलाई, बिघाड अशा अर्थाचा. हिंदीत गेल्यावर त्याचा अर्थ डोक्यातलं खूळ असा झाला. मराठीने तो निष्ठेच्या बिघाडासाठी राखून ठेवला. म्हणून सरकारी पक्षाचा साक्षीदार कोर्टात उलटला की आपल्याकडे 'साक्षीदार फितूर' अशी बातमी येते. इंग्रजीतल्या कोरड्या कायदेशीर शब्दाला मराठी पत्रकारांनी गडावरचा शब्द लावला, आणि तो इतका चपखल बसला की आता वेगळा सुचतही नाही.

तिसरा बंड. हा उघड प्रकार: माणसं जमवायची आणि हुकूम झुगारायचा. गंमत अशी की या शब्दाची नांगी आपण कधीच काढून टाकलीय. निवडणुकीत तिकीट न मिळालेला उमेदवार 'बंडखोर' होतो आणि अर्ज मागे घ्यायच्या दिवशी 'बंडोबाचा थंडोबा' होतो. त्याला कुणी तुरुंगात टाकत नाही. पण १८५७ ला बंड म्हणायचं की स्वातंत्र्ययुद्ध, यावरून बोलणारा कुठे उभा आहे हे लगेच कळतं. २०२२ नंतर महाराष्ट्रात 'गद्दार' आणि 'उठाव' हे दोन शब्द एकाच घटनेसाठी कसे वापरले गेले, ते आपण सगळ्यांनी ऐकलंच आहे.

चौथा शब्द स्वयंपाकघरातला. तव्यावरच्या घावनाच्या कडेखाली उलथणं सारायचं आणि खालची बाजू वर आणायची. लॅटिनमध्ये 'सब' म्हणजे खालून आणि 'व्हर्टेरे' म्हणजे फिरवणं. यावरून इंग्रजीत 'सबव्हर्जन' आलं. आपलं 'सरकार उलथवणं' अगदी तेच सांगतं. हा शब्द लक्षात ठेवा, नव्या कायद्यात तो पुन्हा भेटणार आहे.

या सगळ्या शब्दांत एक गोष्ट सारखी आहे. भुयार दिसतं. उघडा दरवाजा दिसतो. जमलेली माणसं दिसतात. प्रत्येक शब्द एखाद्या कृतीला चिकटलेला आहे, आणि कृतीचा पुरावा मागता येतो.

द्रोह म्हणजे काय?

संस्कृतात 'द्रुह्' हा धातू वाईट चिंतणं, घात करणं या अर्थाचा. गीतेच्या पहिल्याच अध्यायात अर्जुन 'मित्रद्रोहे च पातकम्' म्हणतो. म्हणजे द्रोह व्हायला आधी नातं लागतं. अनोळखी माणसाशी वैर होऊ शकतं, द्रोह होऊ शकत नाही.

या धातूची इराणी भावंडं आणखी मजेदार आहेत. अवेस्तात 'द्रुज' आणि जुन्या फारसीत 'द्रौग' म्हणजे खोटेपणा. इराणात बेहिस्तूनच्या कड्यावर दारयवहूश राजाचा, ज्याला आपण इंग्रजीमुळे डरायस म्हणतो, अडीच हजार वर्षांपूर्वीचा प्रचंड शिलालेख आहे. त्यात तो सांगतो की देशात 'द्रौग' माजला आणि मग बंडं झाली. एकेका बंडखोराचं नाव घेऊन 'हा खोटं बोलला' असं तो कोरून ठेवतो. राजाच्या लेखी विरोधक म्हणजे असत्य! हाच शब्द पुढे फारसीत 'दरोग' झाला आणि उत्तरेकडच्या कोर्टांत खोट्या साक्षीला 'दरोगहल्फी' म्हणत. सत्तेविरुद्ध बोलणारा तो खोटारडा, हे समीकरण किती जुनं आहे पाहा.

इंग्रजी कायद्यातला 'सिडिशन' मात्र वेगळ्या कुळातला. लॅटिनमध्ये त्याचे दोन तुकडे होतात: बाजूला, आणि जाणं. बाजूला होऊन चालू लागणं. आपल्याकडे 'वेगळी चूल मांडली' म्हणतात, साधारण ते. मराठीत त्यासाठी 'राजद्रोह' रूढ झाला तेव्हा वेगळी चूल मांडण्यावर घात करण्याचा रंग चढला. माझ्या मते हा बदल छोटा नाही. चूल वेगळी केलेल्या भावाला आपण घरभेद्या म्हणत नाही.

सरकारवर प्रेम नाही, हा गुन्हा?

आता कायदा. मेकॉलेच्या १८३७ च्या मसुद्यात या गुन्ह्याचं कलम होतं. प्रत्यक्ष भारतीय दंडसंहिता १८६० साली झाली तेव्हा ते गळालं. १८७० साली जेम्स फिट्झजेम्स स्टीफन या कायदा सदस्याने ते चुकून राहिलं असं सांगून पुन्हा आणलं. तेच कलम १२४अ.

त्यातला गाभ्याचा शब्द होता 'डिसअफेक्शन'. मराठी कायद्याच्या भाषेत त्याला 'अप्रीती' म्हणतात. सरकारविषयी अप्रीतीची भावना चेतवणं हा गुन्हा, आणि शिक्षा आजन्म काळ्या पाण्यापर्यंत.

अप्रीती! घरातलं उदाहरण घ्या. सासूने सुनेला म्हणावं, 'तू काम नीट करतेस, उलट उत्तरं देत नाहीस, पण तुझं माझ्यावर प्रेम नाही, आणि तू ते शेजारणीला जाणवून दिलंस.' सुनेने यावर बचाव तरी कसा करायचा? भुयाराचा पुरावा मागता येतो. प्रेम नसण्याचा पुरावा कसला मागायचा आणि असण्याचा कसला द्यायचा?

या कलमाखालचा पहिला खटला १८९१ साली कलकत्त्याला झाला, 'बंगबासी' पत्रावर. विषय संमतिवयाच्या कायद्याचा. मुलींच्या संमतीचं वय दहावरून बारावर नेण्याला त्या पत्राने कडाडून विरोध केला होता. म्हणजे आपण ज्याला आज प्रतिगामी म्हणू, त्या लिखाणावर हे कलम पहिल्यांदा चाललं. ज्युरींचं एकमत झालं नाही, संपादकांनी माफी मागितली आणि प्रकरण मिटलं. खरी शब्दाची कुस्ती व्हायची होती ती मुंबईत.

१८९७: एक कविता आणि एक व्याख्या

१८९७ चं पुणं डोळ्यांपुढे आणा. प्लेगची साथ, घरोघरी शिरणारे गोरे सोजीर, त्यांच्यावर अधिकारी रँड. १५ जूनच्या 'केसरी'त शिवजयंती उत्सवाचा वृत्तांत आला, अफझलखानाच्या वधावरची चर्चा आली आणि एक कविता आली. तिच्यात शिवाजी महाराज जागे होतात आणि आपल्या देशाची दैना पाहून व्यथित होतात. त्यानंतर आठवड्याने, २२ जूनच्या रात्री, गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या.

टिळकांना २७ जुलैला मुंबईत अटक झाली. त्यांचा खुनाशी संबंध असल्याचा आरोप नव्हता. खटला होता तो छापलेल्या मजकुरावर. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांच्यापुढे नऊ ज्युरी, सहा युरोपीय आणि तीन भारतीय. मजकूर मराठी आणि निवाडा त्याच्या इंग्रजी भाषांतरावर.

ज्युरींना समजावताना स्ट्रॅची यांनी सांगितलं की डिसअफेक्शन म्हणजे प्रेमाचा अभाव. द्वेष, वैर, नावड, तुच्छता, सरकारविषयीची कुठलीही वाईट भावना त्यात येते. त्या भावनेची तीव्रता किती हे बघायचं नाही. लिखाणामुळे दंगा झाला की नाही, हेही बघायचं नाही. सहा विरुद्ध तीन असा कौल आला आणि टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली.

या व्याख्येतली चलाखी व्याकरणाची आहे. 'अ' हा उपसर्ग आपल्याकडेही दोन कामं करतो. 'अज्ञान' म्हणजे ज्ञान नसणं, पण 'अधर्म' म्हणजे नुसतं धर्म नसणं नाही, धर्माच्या उलट वागणं. अप्रीती कशासारखी, अज्ञानासारखी की अधर्मासारखी? एवढ्या एका प्रश्नावर माणसाचं तुरुंगात जाणं ठरत होतं.

हे तेव्हाही काहींच्या लक्षात आलं. त्याच सुमारास सातारा जिल्ह्यातल्या इस्लामपूरच्या 'प्रतोद' पत्राचं प्रकरण मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठापुढे आलं. त्या पीठावर न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे होते. त्यांनी लिहिलं की डिसअफेक्शन म्हणजे नुसता प्रेमाचा किंवा सदिच्छेचा अभाव नाही. ती राजनिष्ठा तोडणारी, सत्तेची आज्ञा झुगारायला लावणारी किंवा लोकांची मनं गुपचूप फिरवणारी सक्रिय विरोधाची भावना असते. टिळक आणि रानडे यांचं सामाजिक सुधारणांवरून किती वाजत असे, ते मराठी वाचकाला सांगायला नको. पण ज्या एका शब्दापायी टिळक आत गेले, त्याची जास्त समंजस फोड रानड्यांच्या लेखणीतून उतरली.

सरकारने काय केलं? १८९८ साली कलमच दुरुस्त केलं. द्वेष आणि तुच्छता हे शब्द वर आले आणि डिसअफेक्शनमध्ये राजनिष्ठेचा अभाव व वैराच्या सगळ्या भावना येतात, असं स्पष्टीकरण जोडलं गेलं. स्ट्रॅची यांनी कलमाचा जो अर्थ सांगितला होता, तो आता जवळपास कलमातच आला.

१९०८ आणि १९१६

पुढचं बहुतेकांना शाळेपासून माहीत असतं, म्हणून भरभर सांगतो. ३० एप्रिल १९०८ ला मुजफ्फरपूरला बॉम्ब पडला. 'केसरी'त १२ मे रोजी 'देशाचे दुर्दैव' आणि ९ जूनला 'हे उपाय टिकाऊ नाहीत' हे लेख आले. जुलैमध्ये खटला न्यायमूर्ती दावर यांच्यापुढे चालला. हेच दिनशा दावर १८९७ साली टिळकांचे वकील म्हणून उभे राहिले होते. ज्युरींत सात युरोपीय आणि दोन पारशी, कौल सात विरुद्ध दोन. सहा वर्षं हद्दपारी आणि हजार रुपये दंड, मग मंडाले.

शाळेत न सांगितलेला भाग असा की टिळकांनी स्वतः वकिली करून केलेल्या त्या एकवीस तासांच्या भाषणात त्यांनी सरकारी भाषांतरावर तुटून पडायला बराच वेळ दिला. मूळ मराठी शब्द काय, त्याची छटा कोणती, भाषांतरकाराने तिथे कोणता भडक इंग्रजी शब्द बसवला, हे ते सांगत राहिले. कारण गुन्हा भावनेचा असला की पुरावा म्हणजे शब्दाची छटा, आणि भाषांतरात सगळ्यात आधी सांडते तीच. त्याच वर्षी 'काळ'कर्ते शिवराम महादेव परांजपे यांनाही शिक्षा झाली. त्यांचं हत्यार वक्रोक्ती. सरकारची स्तुती करावी आणि वाचकाने पोट धरून हसावं. वक्रोक्तीचं इंग्रजी भाषांतर कोर्टात कसं वाचलं गेलं असेल, ही कल्पना मला अजून अस्वस्थ करते. हसूही येतं.

१९१६ साली टिळकांवर तिसऱ्यांदा बालंट आलं ते बेळगाव आणि अहमदनगरच्या होमरूलच्या भाषणांवरून. या वेळी चांगल्या वर्तणुकीसाठी वीस हजारांचा जातमुचलका मागितला गेला. बॅरिस्टर जिना त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि ९ नोव्हेंबरला हायकोर्टाने तो हुकूम रद्द केला. भाषण अखंड वाचून त्याचा एकूण सूर बघायचा, सुटी वाक्यं उपटायची नाहीत, असं न्यायालयाचं म्हणणं. व्हॉट्सअ‍ॅपवर पंधरा सेकंदांची क्लिप फिरवणाऱ्या आपल्या काळात ही अट जुनी वाटत नाही.

मार्च १९२२ मध्ये अहमदाबादच्या कोर्टात गांधीजींनी गुन्हा कबूल केला आणि सांगितलं की प्रेम कायद्याने निर्माण करता येत नाही. स्ट्रॅची यांच्या व्याख्येला पंचवीस वर्षांनी मिळालेलं हे सगळ्यात साधं उत्तर.

'पण तेव्हा इंग्रज होते. आता सरकार आपलंच आहे'

हा काकांचा पुढचा मुद्दा, आणि तो फालतू नाही. परक्या सत्तेचा द्रोह म्हणजे देशभक्ती, पण आपणच निवडलेल्या सरकारचा?

हाच प्रश्न घटनाकारांपुढेही होता. भाषणस्वातंत्र्यावर कोणत्या कारणांनी बंधन घालता येईल, या मसुद्यातल्या यादीत सिडिशन हा शब्द होता. डिसेंबर १९४८ मध्ये कन्हैयालाल मुन्शी यांच्या दुरुस्तीने तो वगळला गेला. कलम १२४अ मात्र दंडसंहितेत तसंच राहिलं. १९५१ साली संसदेत नेहरू म्हणाले की हे कलम अत्यंत आक्षेपार्ह आहे, जितक्या लवकर त्यातून सुटू तितकं बरं. त्यानंतर ते सत्तेवर तेरा वर्षं होते. कलम हललं नाही. सत्तेवर नसताना नकोसं आणि आल्यावर हाताशी असलेलं बरं, अशी या कलमाची तऱ्हा. यात कुठला एक पक्ष वेगळा काढावा असं मला दिसत नाही. उलट १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हा गुन्हा दखलपात्र झाला, म्हणजे पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येऊ लागली. ही सोय इंग्रजांनी ठेवलेली नव्हती.

कोर्टाने मध्ये पाचर मारली. २० जानेवारी १९६२ च्या केदारनाथ सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कलम वैध ठरवलं, पण त्याचा अर्थ आवळला: हिंसेला चिथावणी असेल किंवा सार्वजनिक सुव्यवस्था बिघडवण्याचा हेतू वा कल असेल तरच गुन्हा. सरकारवर कितीही कडक शब्दांत टीका करा, तेवढ्याने गुन्हा होत नाही. १९९५ मध्ये बलवंत सिंग प्रकरणात, इंदिरा गांधींच्या हत्येच्या दिवशी चंदीगडला खलिस्तानच्या घोषणा देणाऱ्यांचीही सुटका झाली, कारण दोनचार सुट्या घोषणांनी काही घडलं नव्हतं. म्हणजे आपलं न्यायालय हळूहळू अप्रीतीकडून सुरुंगाकडे, भावनेकडून कृतीकडे सरकत होतं.

पोलीस ठाण्यात मात्र कलमाचं पुस्तक असतं, १९६२ चा निकाल असतोच असं नाही. गृहखात्याच्या आकडेवारीप्रमाणे २०१४ ते २०१९ या सहा वर्षांत या कलमाखाली ३२६ गुन्हे दाखल झाले आणि शिक्षा झाली सहा जणांना. मग कलमाचा उपयोग काय? अटक, जामिनासाठी धावपळ, तारखा. शिक्षा निकालाआधीच भोगून होते. २०२१ मध्ये सरन्यायाधीश रमणा यांनी सुताराचं उदाहरण दिलं: लाकूड कापायला करवत दिली आणि त्याने जंगलच कापलं. आणि ज्या ब्रिटनने हे आपल्या गळ्यात बांधलं, त्याने स्वतःकडचा हा गुन्हा २००९ च्या कायद्याने मोडीत काढला.

सेक्रेटरी, सोसायटी आणि इमारत

आता काकांना पटलेलं उदाहरण. आपल्या गृहनिर्माण संस्थेत तीन गोष्टी आहेत. एक, कमिटी: सेक्रेटरी, खजिनदार, जे निवडणुकीत बदलतात. दोन, संस्था: नोंदणी, उपविधी, सभा. तीन, इमारत आणि त्यात राहणारी माणसं.

'सेक्रेटरीने पाण्याच्या टाकीच्या कामात घोळ केला' हे म्हणणं कमिटीविरुद्ध आहे. 'सर्वसाधारण सभेचे निर्णय कुणी मानू नका, देखभाल खर्च भरू नका' हे संस्थेविरुद्ध आहे. रात्री पाण्याच्या टाकीत विष टाकणं इमारतीविरुद्ध आहे. तिन्हींना एकच शब्द लावला तर सगळ्यात जास्त फायदा कुणाचा होईल? सेक्रेटरीचा. टाकीचा हिशेब मागणाऱ्याला तो विष टाकणाऱ्यांच्या रांगेत उभा करील.

सरकार, राज्यसंस्था आणि देश हे असेच तीन. राजेशाहीत ते एकाच माणसात गोळा झालेले असत, म्हणून 'राजद्रोह' हा एक शब्द पुरायचा. राजा गेला, पण शब्दाने तिन्ही गाठी एकत्रच ठेवल्या.

नवा कायदा आणताना गृहमंत्री अमित शहा यांनी संसदेत सांगितलं की राजद्रोहाच्या जागी देशद्रोह आणला. व्यक्ती किंवा सरकारविरुद्ध बोलणं गुन्हा नाही, देशाविरुद्ध कृत्य गुन्हा आहे. विचार म्हणून हे सोसायटीच्या उदाहरणाशी जुळतं, आणि ते मान्य केलं पाहिजे. प्रश्न उरतो तो कलमाच्या मजकुराचा.

कलम १५२: आत काय आलं

जुन्या दंडसंहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १५२ मध्ये सिडिशन हा शब्द नाही. द्वेष, तुच्छता, अप्रीती हे शब्दही गेले. माझ्या दृष्टीने ही खरी सुधारणा, १८९७ च्या व्याख्येचं बूड त्यामुळे निघालं. हेतुपुरस्सर किंवा जाणूनबुजून, ही अटही आली.

आता आलेले शब्द: फुटून निघणं, सशस्त्र बंड, विध्वंसक कारवाया यांना चिथावणी, फुटीर कारवायांच्या भावनेला उत्तेजन, किंवा भारताचं सार्वभौमत्व, एकता आणि अखंडता धोक्यात आणणं. माध्यमांत इलेक्ट्रॉनिक संदेश आणि पैशाचा वापर यांची भर पडली. शिक्षा जन्मठेप, किंवा सात वर्षांपर्यंत कैद, आणि वर दंड. जुन्या कलमात जन्मठेपेला पर्याय म्हणून तीन वर्षांपर्यंत कैद होती, नुसत्या दंडावरही सुटता येत असे. ती वाट बंद झाली.

सशस्त्र बंड कळतं, ते कृतीचं नाव आहे. अडचण 'विध्वंसक कारवाया' या शब्दांपाशी आहे. इंग्रजी पाठात तिथे आपलं तव्यावरचं उलथणं आहे, सबव्हर्सिव्ह. संहितेत त्याची व्याख्या नाही. मराठीत विध्वंसक म्हटलं की रूळ उखडणं, पूल उडवणं डोळ्यांपुढे येतं. इंग्रजीत त्याच विशेषणाखाली एखादं नाटक, व्यंगचित्र किंवा विनोदही बसतो, आणि तिथे ते समीक्षकाचं कौतुक असतं! मराठी वाचणारा ठाणेदार आणि इंग्रजी वाचणारा वकील एकाच कलमातून दोन वेगळे गुन्हे वाचू शकतात. १९०८ च्या कोर्टातला भाषांतराचा तंटा आठवा. शिवाय 'भावनेला उत्तेजन' हे शब्द आहेतच. समोरच्या दाराने घालवलेली भावना मागच्या दाराने येऊन बसली आहे.

महाराष्ट्रात याला आणखी एक पदर आहे. जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं. कडव्या डाव्या किंवा तशा संघटनांविरुद्ध असं त्याचं वर्णन झालं. त्यातल्या बेकायदेशीर कृत्याच्या व्याख्येत प्रस्थापित कायदा आणि त्याच्या संस्थांची अवज्ञा करायला उत्तेजन देणं किंवा तिचा प्रचार करणं, हेही आहे. 'सविनय कायदेभंग' हा शब्द याच्या शेजारी ठेवून बघावा.

'मग टीका करूच नये की काय?'

करावी. कलम १५२ च्या स्पष्टीकरणातच म्हटलंय की सरकारची धोरणं आणि कारभार कायदेशीर मार्गाने बदलून घेण्यासाठी केलेली टीका, वरच्या गोष्टींना चिथावणी न देता केली असेल, तर गुन्हा नाही. केदारनाथचा निकाल कलम १२४अ वर असला तरी त्यामागचं तत्त्व घटनेतल्या भाषणस्वातंत्र्याचं आहे आणि न्यायालयं ते नव्या कलमालाही लावत आहेत. राजस्थान उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये सांगितलं की कलम १५२ हे रास्त मतभेदावरचं हत्यार होता कामा नये. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाला आव्हान देणाऱ्या याचिकेवर केंद्राला नोटीसही काढली.

उलट बाजूचा आक्षेपही ऐकायला हवा: देश खरोखर तोडू पाहणाऱ्यांना मग धरायचं कसं? त्यासाठी सुरुंगाची कलमं आहेतच. देशाविरुद्ध युद्ध पुकारणं, त्याचा कट, शस्त्रं जमवणं, हे जुन्या संहितेत कलम १२१ पासून होतं, नव्या संहितेत १४७ पासून आहे. बेकायदेशीर कारवाया प्रतिबंधक कायदा, म्हणजे यूएपीए, वेगळा. टाकीत विष टाकणाऱ्याला धरायला 'त्याचं सोसायटीवर प्रेम नव्हतं' हे सिद्ध करावं लागत नाही.

जुन्या फायली

आता काकांचा मूळ प्रश्न: गेलं की नाही? ११ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने कलम १२४अ खालचे प्रलंबित खटले थांबवून ठेवायला सांगितलं आणि नवे गुन्हे दाखल होऊ नयेत अशी अपेक्षा व्यक्त केली. जून २०२३ मध्ये विधी आयोगाने २७९ व्या अहवालात हे कलम ठेवावं, जन्मठेपेला पर्याय असलेली तीन वर्षांची कैद सात वर्षांपर्यंत न्यावी, असं सुचवलं. १२ सप्टेंबर २०२३ ला न्यायालयाने त्याच्या वैधतेचा प्रश्न किमान पाच न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला. कारण साधं: नवा कायदा पुढच्या गुन्ह्यांना लागतो, जुने जुन्याच कलमाखाली राहतात.

म्हणजे २०१५, २०१८ किंवा २०२१ साली ज्यांच्या नावावर १२४अ लागलं आणि निकाल झाला नाही, त्यांचा खटला रद्दही झालेला नाही आणि चालूही नाही. पासपोर्टच्या किंवा नोकरीच्या अर्जात 'फौजदारी प्रकरण प्रलंबित आहे का' असा रकाना येतो तेव्हा त्यांना हो लिहावं लागतं.

हे ऐकून काका जरा वेळ गप्प बसले. मग चष्मा पुसत म्हणाले, "म्हणजे गेलं पण नाही, राहिलं पण नाही." आणि दुसरा पेपर उघडला.